आपला संघ आणि परका संघ

अमेरिकेंत बेसबॉलचा हंगाम सुरू झाला म्हणजे घराघरांतून एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. एरव्हीं शांत, विचारी आणि हिशेबी असलेला गृहस्थ आपला आवडता संघ हरला कीं जेवतांना कोणाशीं धड बोलत नाहीं. आणि दुसऱ्याच एखाद्या गांवचा संघ तिसऱ्याच संघाकडून हरला म्हणजे त्याची कळी खुलते. जिंकणाऱ्यानें त्याला एक पैही दिलेली नसते. हरणाऱ्यानें त्याचें कांहीं घेतलेलें नसतें. ज्या खेळाडूंसाठीं तो घसा कोरडा करतो, त्यांपैकीं एकालाही तो ओळखत नाहीं. मग हें प्रेम येतें कोठून? आणि त्याहूनही विलक्षण असा हा द्वेष उत्पन्न होतो कशानें? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा आपण थोडा विचार करूं.

प्रथम या खेळाची एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेंतील वरिष्ठ दर्जाच्या बेसबॉलचे दोन विभाग आहेत. नॅशनल लीग ही १८७६ सालीं निघाली, आणि अमेरिकन लीग १९०१ पासून तिच्या बरोबरीनें उभी राहिली. दोहोंत मिळून आज ३० संघ आहेत. प्रत्येक संघ वसंत ऋतूपासून शरदापर्यंत १६२ सामने खेळतो, आणि त्यांतले निम्मे स्वतःच्या गांवीं खेळतो. हंगामाच्या शेवटीं दोन्ही लीगांचे विजेते अजिंक्यपदासाठीं झुंजतात. या सामन्यांच्या मालिकेस वर्ल्ड सीरीज म्हणतात, व ती १९०३ सालीं प्रथम झाली. सहा महिन्यांत १६२ सामने, म्हणजे जवळजवळ दररोज एक! तेव्हां संघ हा सणावारीं येणारा पाहुणा नव्हे. तो घरच्या माणसाप्रमाणें रोज भेटतो. आणि रोजच्या सहवासानें जी माया जडते, ती गुणदोषांची छाननी करून जडत नाहीं.

या मायेचें पहिलें बीज गांव हें होय, आणि दुसरें बीज म्हणजे वडीलधारी माणसें. पुष्कळ मुलें बापाच्या किंवा आजोबांच्या बोटाला धरून मैदानावर जातात, आणि घरीं जो संघ चालत आला असेल तोच आपला मानूं लागतात. या वयाला किती महत्त्व आहे याचा एक पुरावा २०१४ सालीं एका अर्थशास्त्रज्ञानें पुढें आणला. कोणत्या सालीं जन्मलेल्या लोकांना कोणता संघ आवडतो हें त्यानें पाहिलें, तेव्हां असें आढळलें कीं मुलगा सुमारें आठ वर्षांचा असतांना जो संघ अजिंक्य ठरतो, त्याची छाप त्या मुलाच्या मनावर जन्मभर राहण्याचा संभव अधिक असतो. न्यूयॉर्कच्या मेट्स संघानें १९६९ व १९८६ सालीं अजिंक्यपद मिळविलें. त्या वेळीं जीं मुलें सात-आठ वर्षांचीं होतीं, त्यांच्यांत पुढें मोठेपणींही मेट्सचे चाहते विशेष प्रमाणांत आढळले.

तिसरें बीज नभोवाणीनें पेरलें. ५ ऑगस्ट १९२१ रोजीं पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्रावरून वरिष्ठ दर्जाच्या बेसबॉल-सामन्याचें वर्णन प्रथम ध्वनिक्षेपित झालें. पुढें गांवाची सीमा ओलांडून संघ दूरदूरच्या स्वयंपाकघरांत व शेतांवर जाऊन पोहोंचले. १९५५ पूर्वीं सेंट लुईस शहर हें वरिष्ठ बेसबॉलचें अगदीं पश्चिमेकडील ठाणें होतें. तेथील केएमओएक्स हें ५०,००० वॉट शक्तीचें केंद्र. त्याचा आवाज रात्रीं अनेक राज्यांत ऐकूं जाई. त्यामुळें ज्यांनीं सेंट लुईसची वेसही पाहिली नव्हती, असे लोक तेथील कार्डिनल्स संघाचे अभिमानी बनले. म्हणजे प्रेमाला दर्शन लागतेंच असें नाहीं; नित्य श्रवणानेंही तें जडतें.

येथवर प्रेमाचा उलगडा झाला. परंतु आपला संघ आवडण्यासाठीं दुसरा नावडलाच पाहिजे काय? मानसशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा चांगला पाठपुरावा केला आहे. हेन्री ताजफेल या शास्त्रज्ञानें ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७० सालीं प्रसिद्ध झाले. मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवून त्यांची संख्या विचारण्यांत आली, आणि मग कोणी जास्त अंदाज करणारे व कोणी कमी अंदाज करणारे असे दोन गट असल्याचें सांगण्यांत आलें. खरें पाहतां ही वांटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटांत दुसरें कोण आहे हेंही त्या मुलांना ठाऊक नव्हतें. तरीही पैसे वांटण्याची वेळ येतांच त्यांनीं आपल्या गटाला झुकतें माप दिलें. इतकेंच नव्हे, तर आपल्या गटाला थोडें कमी मिळालें तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षां आपण वरचढ असलों पाहिजे, असाही कल त्यांच्यांत दिसला. ठिपक्यांच्या नांवानें जर एवढी भिंत उभी राहते, तर शंभर वर्षांच्या इतिहासानें, रंगानें आणि गांवाच्या नांवानें केवढी उभी राहील!

१९७६ सालीं रॉबर्ट चाल्डीनी व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकन विद्यापीठांतून आणखी एक मौज टिपून ठेविली. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल-संघ जिंकला म्हणजे पुढच्या सोमवारीं विद्यापीठाचें नांव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. आणि बोलतांना जिंकल्यावर "आम्ही जिंकलों" व हरल्यावर "ते हरले" असें म्हणण्याकडे त्यांचा कल असे. या एका सर्वनामांत सगळें मर्म आहे. संघाच्या विजयानें आपलाच मान वाढला असें मनुष्यास वाटतें. आणि जो संघ हा मान वारंवार हिरावून घेतो, तो त्याला शत्रु वाटूं लागतो.

असा शत्रु कोण, असें अमेरिकेंत विचारलें तर सर्वाधिक बोटें न्यूयॉर्कच्या यांकी संघाकडे वळतील. त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९१८ पर्यंत बोस्टनच्या रेड सॉक्स संघानें पांच वेळां अजिंक्यपद मिळविलें होतें, आणि यांकी संघाला तें एकदांही लाभलें नव्हतें. बोस्टनच्या संघाचा मालक हॅरी फ्रेझी हा नाटकें काढणारा गृहस्थ होता. त्यानें १९१९ च्या अखेरीस बेब रूथ हा आपला असामान्य खेळाडू एक लाख डॉलरला न्यूयॉर्कला विकला. पुढें काय झालें तें आंकडेच सांगतात. १९२३ ते १९६२ या चाळीस वर्षांत यांकी संघानें २० वेळां अजिंक्यपद मिळविलें. २००९ पर्यंत ही संख्या २७ झाली. उलट बोस्टनला १९१८ नंतर थेट २००४ पर्यंत, म्हणजे ८६ वर्षें, वाट पहावी लागली. मध्यंतरीं १९४६, १९६७, १९७५ व १९८६ या चार सालीं तो संघ अंतिम मालिकेंत पोहोंचला, आणि चारही वेळां सातव्या म्हणजे निर्णायक सामन्यांत हरला.

यशस्वी माणसाचा हेवा जगांत सर्वत्र होतो. परंतु यांकींच्या द्वेषांत हेव्याबरोबर न्यायबुद्धीचाही अंश आहे. न्यूयॉर्क हें धनाढ्य शहर. तेथील संघाचें उत्पन्न मोठें. आणि बेसबॉलमध्यें संघानें खेळाडूंवर किती खर्च करावा याला कडेकोट मर्यादा कधीं घातली गेली नाहीं. ठराविक रकमेपलीकडे गेल्यास कर भरावा लागतो, इतकेंच. यामुळें लहान गांवच्या चाहत्याला असें वाटतें कीं आपण खेळाडू घडवावा आणि श्रीमंतानें तो उचलून न्यावा. हा सल इतका जुना आहे कीं १९५५ सालीं न्यूयॉर्कच्याच रंगभूमीवर "डॅम यांकीज" नांवाचें संगीत नाटक आलें. त्यांतील नायक यांकींचा पराभव व्हावा म्हणून सैतानाशीं आपल्या आत्म्याचा सौदा करतो. अलीकडे हाच रोष लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाच्या वांट्याला येऊं लागला आहे. त्या संघानें २०२३ च्या डिसेंबरांत शोहेई ओतानी या जपानी खेळाडूशीं दहा वर्षांसाठीं ७० कोटि डॉलरचा करार केला, आणि २०२४ व २०२५ अशीं लागोपाठ दोन वर्षें अजिंक्यपद पटकाविलें. यावरून असें दिसतें कीं द्वेष हा अमुक एका संघाला कायमचा चिकटलेला नसतो. जो सिंहासनावर बसेल त्याच्या मागें तो जातो.

उलट पक्षीं हरणाऱ्यावरही लोक जीव टाकतात, याचें काय कारण? शिकागोचा कब्ज संघ १९०८ नंतर १०८ वर्षें अजिंक्यपदाला मुकला. तें त्याला २०१६ सालीं मिळालें. या काळांत त्याचे चाहते कमी झाले नाहींत. उलट १९१४ सालीं बांधलेलें त्याचें रिग्ली फील्ड हें मैदान एखाद्या जुन्या देवळासारखें लोकप्रिय राहिलें, आणि तेथें रात्रीच्या खेळासाठीं दिवे लागले ते १९८८ सालीं. मेट्स संघ १९६२ सालीं निघाला आणि पहिल्याच हंगामांत १२० सामने हरला; न्यूयॉर्कच्या लोकांनीं त्या अजागळ पोराला पोटाशीं धरलें. याचा अर्थ असा कीं विजय हा प्रेमाचा एक हेतु आहे, एकमेव नव्हे. जिंकणाऱ्याच्या मागें कोणीही जाईल. हरणाऱ्याजवळ जो राहिला तो आपल्या निष्ठेची खात्री स्वतःलाच पटवून देतो. शिवाय सोसलेलें दुःख माणसांना एकत्र बांधतें. २००४ सालीं बोस्टनचा संघ यांकींशीं पहिले तिन्ही सामने हरून पुढचे चार जिंकला. वरिष्ठ बेसबॉलमध्यें असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. पुढें त्यानें अजिंक्यपदही मिळविलें, तेव्हां अनेकांनीं स्मशानभूमींत जाऊन आपल्या बापआजांच्या थडग्यांवर संघाचीं निशाणें ठेविलीं. ज्यांनीं जन्मभर वाट पाहिली आणि पाहतां पाहतां डोळे मिटले, त्यांना ही वार्ता पोहोंचविण्याचा तो एक मार्ग होता.

कांहीं द्वेष मात्र हेव्यांतून निघत नाहीं, फसवणुकींतून निघतो. १९१९ च्या वर्ल्ड सीरीजमध्यें शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघांतील आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांशीं संगनमत केल्याचा आरोप आला. १९२१ सालीं न्यायालयांत ते सुटले, तरी बेसबॉलच्या अधिकाऱ्यांनीं त्यांना जन्मभर खेळाबाहेर घालविलें. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघानें २०१७ सालीं अजिंक्यपद मिळविलें. पण जानेवारी २०२० मध्यें असें सिद्ध झालें कीं त्या वर्षीं प्रतिपक्षाच्या गुप्त खुणा हा संघ कॅमेऱ्यानें टिपून घेई, आणि आतां कोणता चेंडू येणार हें आपल्या फलंदाजाला कळविण्यासाठीं कचऱ्याचें पिंप बडवी. संघाला ५० लाख डॉलर दंड झाला, दोन प्रमुख अधिकारी एक वर्षासाठीं दूर झाले. परंतु खेळाडूंना शिक्षा झाली नाहीं आणि अजिंक्यपदही काढून घेण्यांत आलें नाहीं. त्यामुळें हा संघ परगांवीं गेला म्हणजे प्रेक्षक त्याची हुर्यो करूं लागले. नियमानें जें दिलें नाहीं, तें शासन लोक आपल्या घशानें देऊं पाहतात. हा द्वेष कडू असला तरी खेळ सचोटीनें खेळला जावा या इच्छेंतूनच तो जन्मतो.

आतां या सगळ्याहून खोल जाणारा एक प्रश्न उरतो: संघ कोणाचा? कायद्याच्या दृष्टीनें तो मालकाचा असतो. परंतु चाहत्याचें मन तसें मानीत नाहीं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत डॉजर्स नांवाचा संघ होता. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू याच संघाकडून मैदानावर उतरला, आणि वरिष्ठ बेसबॉलमध्यें त्या शतकांत पाळली गेलेली वर्णभेदाची मर्यादा मोडली. त्यानंतर देशभरचे काळे लोक या संघाला आपला मानूं लागले. १९४१ पासून पांच वेळां यांकींकडून अंतिम मालिकेंत हार खाल्ल्यावर १९५५ सालीं ब्रुकलिननें त्यांना हरविलें. आणि दोनच वर्षांनीं, १९५७ चा हंगाम संपल्यावर, वॉल्टर ओ'मॅली या मालकानें तो संघ उचलून देशाच्या दुसऱ्या टोंकाला, लॉस एंजेलिसला नेला. नव्या मैदानाची जागा देण्याविषयीं शहराच्या अधिकाऱ्यांशीं त्याचें जमलें नाहीं, हेंही खरें. पण ब्रुकलिनच्या लोकांना त्या वादाशीं कर्तव्य नव्हतें. १९६० सालीं जुनें मैदान पाडण्यांत आलें, व तेथें राहण्याच्या इमारती उठल्या.

हाच संघ नव्या गांवीं गेला, तेव्हां तेथेंही एक जखम त्याची वाट पहात होती. १९६२ सालीं त्याचें नवें मैदान शॅव्हेझ रवीन या भागांत उघडलें. तेथें पूर्वीं मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची वस्ती होती. स्वस्त घरांची योजना करूं म्हणून सरकारनें ती वस्ती उठविली. ती योजना बारगळली, आणि शेवटचीं कुटुंबें १९५९ सालीं बळानें बाहेर काढण्यांत आलीं. त्यामुळें त्या समाजांतील कित्येकांनीं या संघाकडे पाठ फिरविली. पुढें १९८१ सालीं फर्नांडो व्हालेन्झुएला हा मेक्सिकोंतील एका खेड्यांतून आलेला तरुण त्या संघासाठीं अप्रतिम चेंडू फेकूं लागला, आणि हजारों मेक्सिकन कुटुंबें मैदानाकडे लोटलीं. एकच संघ, ब्रुकलिनमध्यें आधीं आशा आणि मग विश्वासघात, लॉस एंजेलिसमध्यें आधीं अन्याय आणि मग अभिमान. संघाचें नांव तेंच राहतें. त्याचा अर्थ मात्र लोकांच्या अनुभवानें ठरतो.

ब्रुकलिनची कथा जुनी झाली असें कोणीं समजूं नये. ॲथलेटिक्स नांवाचा संघ १९०१ सालीं फिलाडेल्फियांत निघाला, १९५५ सालीं कॅन्सस सिटीला गेला, १९६८ सालीं ओकलंडला आला, आणि २०२४ च्या हंगामानंतर त्यानें ओकलंडही सोडलें. जून २०२३ मध्यें ओकलंडच्या चाहत्यांनीं एक दिवस ठरवून मैदान भरून टाकलें आणि मालकानें संघ विकावा अशी एका सुरांत मागणी केली. मैदानावर न जाणें हा बहिष्काराचा नेहमींचा प्रकार. येथें सत्तावीस हजारांहून अधिक लोकांनीं हजर राहून निषेध केला. त्याचा उपयोग झाला नाहीं. निष्ठेचा करारनामा कोणीं लिहून घेत नाहीं, आणि म्हणूनच तिचा व्यापार करणें मालकाला इतकें सोपें जातें.

येथें आपण द्वेषाच्या धोक्याकडेही पाहिलें पाहिजे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बोस्टनच्या व यांकींच्या चाहत्यांना खेळाचे प्रसंग दाखवून त्यांच्या मेंदूचें निरीक्षण करण्यांत आलें. प्रतिस्पर्धी फसला म्हणजे, मग तो तिसऱ्याच संघाविरुद्ध खेळतांना कां फसेना, मेंदूंतील सुखाशीं संबंध असलेला भाग जागृत होई; आणि ज्यांच्यांत ही जागृति अधिक, त्यांनीं प्रतिपक्षाच्या चाहत्यांना त्रास देण्याची आपली शक्यताही अधिक सांगितली. त्याच वर्षीं लॉस एंजेलिसला हंगामाच्या पहिल्याच दिवसांत परक्या संघाच्या एका चाहत्यास मैदानाबाहेर इतकी मारहाण झाली कीं त्याच्या मेंदूला कायमची इजा पोहोंचली. शिकागोंत तर २००३ सालीं, हातावर आलेला चेंडू धरावयास गेलेल्या आपल्याच एका प्रेक्षकावर पराभवाचें खापर फोडण्यांत आलें. त्याला पहाऱ्यांत बाहेर न्यावें लागलें. पुढें २०१७ सालीं संघानें त्याला अजिंक्यपदाची आंगठी देऊन परिमार्जन केलें.

मुंबईकरांना हा विचार नवा नाहीं. चौरंगी व १९३७ पासून पंचरंगी क्रिकेट सामन्यांत संघ पडत ते धर्मावरून. खेळ उत्तम होई, गर्दीही लोटे. तथापि ज्या भिंती समाजांत आधींच उंच होत्या, त्यांवर खेळानें आणखी एक थर चढवावा काय, असा प्रश्न उभा राहिला. गांधीजींनीं १९४० सालीं या पद्धतीस नापसंती दर्शविली, आणि १९४६ सालीं ते सामने बंद झाले. गांवाच्या नांवानें होणाऱ्या संघाची गोष्ट वेगळी. गांवांत कोणीही येऊन राहूं शकतो, आणि मैदानाच्या बांकावर बसला कीं तेथलाच होतो. जी भिंत ओलांडतां येते, तिच्या अलीकडून पलीकडच्याला चिडविणें यांत मौज आहे. जी ओलांडतां येत नाहीं, तिच्याआडून चिडविणें म्हणजे वैराला खतपाणी घालणें होय.

खेळांतील द्वेष निरोगी आहे कीं नाहीं हें ओळखण्याची खूण एवढीच. तो अंगरख्याच्या रंगापाशीं थांबला पाहिजे, अंगरख्याच्या आंतल्या माणसापर्यंत जातां कामा नये. सप्टेंबर २००१ मधील न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर यांकी संघ आपला पहिला सामना शिकागो येथें खेळला, तेव्हां परक्या मैदानावर न्यूयॉर्कविषयीं प्रेम व्यक्त करणारे फलक झळकले. एप्रिल २०१३ मध्यें बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतींत बाँबचे स्फोट झाले, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं यांकींच्या मैदानावर, बोस्टनचे लोक आपल्या सामन्यांत म्हणतात तें गाणें वाजविण्यांत आलें. ज्यांनीं नव्वद वर्षें एकमेकांचा पराभव चिंतिला, त्यांना एकमेकांचा नाश नको होता. कारण उद्यां सामना व्हावयाचा तर समोर प्रतिपक्ष हवा. तो आला नाहीं, तर आपण जिंकावयाचें कोणाशीं?